बाटली तीच, आतले औषध कोणाचे? : टर्लिंग्टनच्या बाल्समचे अमेरिकी वसाहतींतील प्रकरण

लंडनच्या रॉबर्ट टर्लिंग्टनने 1754 साली आपल्या औषधाची बाटली बदलली. औषध तेच राहिले, त्यावरचा दावाही तोच राहिला. बदल झाला तो फक्त काचेत. नवी बाटली जेमतेम बोटभर उंचीची, बुडाशी रुंद आणि खांद्याकडे निमुळती होत जाणारी, साधारण नासपतीच्या घाटाची होती. तिच्या चारही अंगांवर उठावदार अक्षरांत मजकूर ओतलेला होता: राजाच्या सनदेने रॉबर्ट टर्लिंग्टन यास त्याने शोधलेल्या 'बाल्सम ऑफ लाइफ'साठी अधिकार दिला आहे, लंडन, 26 जानेवारी 1754. बाल्सम म्हणजे झाडांच्या सुगंधी डिंकापासून केलेले औषध. हा खटाटोप कशासाठी, याचा खुलासा त्याने स्वतःच छापून ठेवला आहे. काही लबाड माणसे आपल्या रिकाम्या बाटल्या विकत घेतात, त्यांत भलतेच मिश्रण भरतात आणि आपल्या नावावर खपवतात, अशी त्याची तक्रार होती.

या तक्रारीतच पुढच्या सत्तर वर्षांची गोष्ट दडलेली आहे. अटलांटिकपलीकडच्या इंग्रज वसाहतींत राहणारे लोक 'सर्व रोगांवर एकच दवा' म्हणून जे विकत घेत होते ते नेमके काय होते, हा या प्रकरणाचा प्रश्न आहे. टर्लिंग्टनचे उदाहरण घेण्याचे कारण असे की, येथे औषध, बाटली, वेष्टण आणि नाव या चारही गोष्टींचा माग वेगवेगळा काढता येतो, आणि तो काढला की एखाद्या दव्यावर बसलेला विश्वास नक्की कशाला चिकटलेला असतो ते बरेच उघड होते.

सनद म्हणजे काय, आणि काय नाही

'पेटंट औषध' हा शब्द आपल्याकडे बाटलीबंद, तयार मिळणाऱ्या औषधाला सरसकट लावला जातो, आणि एखाद्याचे ठरलेले बोलणे असले की त्याचे 'पेटंट उत्तर' असेही आपण म्हणतो. मूळ अर्थ मात्र राजाच्या उघड्या पत्राचा, म्हणजे सनदेचा आहे. इंग्लंडात 1624 च्या कायद्यापासून नव्या शोधाला चौदा वर्षांपर्यंत मक्तेदारी देण्याची सोय होती. औषधाच्या बाबतीत ही सनद मिळवण्यासाठी ते रोग बरा करते असे सिद्ध करावे लागत नसे. अर्ज करावा, शुल्क भरावे, आपल्या शोधाचे वर्णन द्यावे, एवढे पुरे असे. शिवाय ज्यांना लोक पेटंट औषधे म्हणत त्यांतल्या बऱ्याच औषधांना अशी सनद कधी मिळालेलीच नव्हती. लहान मुलांना शांत झोपवण्यासाठी दिले जाणारे 'गॉडफ्रीज कॉर्डियल' अफूमिश्रित होते आणि त्याच्यामागे कोणतीही सनद नव्हती, तरी ते त्याच फळीवर, त्याच भावनेने विकले जाई.

टर्लिंग्टनला सनद मिळाली ती 1744 मध्ये, दुसऱ्या जॉर्जच्या कारकिर्दीत. त्याने नमूद केलेल्या रोगांत मूत्रपिंडाचे व मूत्राशयाचे खडे, पोटशूळ आणि 'आतली अशक्तता' यांचा समावेश होता. शेवटचा शब्दप्रयोग मोठा सोयीचा आहे, कारण आतून अशक्त वाटले नाही असा माणूस सापडणे कठीण.

मुतखडा यादीत पहिला का, हे समजण्यासाठी पाच वर्षे मागे जावे लागते. त्या काळी मूत्राशयातील खडा काढण्याची शस्त्रक्रिया भुलीशिवाय होत असे, आणि तिची धास्ती इतकी होती की पोटातून घेण्याच्या औषधासाठी माणसे वाटेल ते द्यायला तयार असत. जोॲना स्टीफन्स नावाच्या बाईने असे औषध आपल्याजवळ असल्याचा दावा केला, तेव्हा ब्रिटिश संसदेने 1739 मध्ये तिची कृती जनतेला खुली व्हावी म्हणून पाच हजार पौंड मंजूर केले. कृती प्रसिद्ध झाली तेव्हा तिच्यात भाजलेली अंड्याची टरफले, गोगलगायी, साबण आणि काही वनस्पती निघाल्या. टर्लिंग्टनच्या मनात काय होते हे कोणी लिहून ठेवलेले नाही, पण मुतखड्याच्या औषधाला संसद पाच हजार पौंड मोजते हे लंडनच्या व्यापारी माणसाच्या नजरेतून सुटले असेल असे मला वाटत नाही.

सनद मिळाल्यावर त्याने 46 पानांची पुस्तिका काढली. तिची मांडणी अशी: सृष्टिकर्त्याने प्रत्येक व्याधीवर उपाय निर्माण केला आहे, विद्वानांनी तो शोधण्यासाठी प्राणी, खनिजे आणि वनस्पती धुंडाळल्या आहेत, आणि त्या शोधाचे फळ म्हणजे हे बाल्सम. ते शरीरातील रसांत मिसळते आणि जेथे बिघाड जास्त तेथे आपोआप पोचते, असेही त्यात सांगितले होते. औषधाने आपला रोग स्वतः शोधून काढावा ही कल्पना त्या काळच्या वैद्यकात अगदीच वेडगळ ठरत नसे, कारण रोग म्हणजे देहातील रसांचा असमतोल अशी डॉक्टरांचीही धारणा होती. पण तिचा व्यापारी फायदा वेगळाच होता. निदान करायला वैद्य लागत नाही म्हटल्यावर, वैद्य नसलेल्या मुलखात हे औषध आपोआपच शहाणे ठरते.

आत काय होते

सनदेसोबतच्या कृतीत 27 द्रव्ये होती. त्यांतल्या मुख्य द्रव्यांशी मराठी घराची ओळख जुनी आहे. पहिले म्हणजे बेन्झोइन, अर्थात ऊद, जो संध्याकाळी धुपाटण्यातल्या निखाऱ्यावर टाकतात. सुमात्रा आणि सयामकडच्या झाडांचा हा डिंक अरब व्यापाऱ्यांनी 'लुबान जावी', म्हणजे जावाकडचा लोबान, या नावाने पश्चिमेला नेला, आणि त्याच नावाची मोडतोड होत होत 'बेन्झोइन' हा शब्द तयार झाला. त्याच्या जोडीला शिलारस, दक्षिण अमेरिकेतील टोलू बाल्सम, कोरफडीपासून केलेला काळा बोळ, आणि हे सगळे विरघळवायला मद्यार्क. बाकीच्या द्रव्यांनी यादी लांबली, औषधाचा स्वभाव त्याने फारसा बदलला नाही. अशा प्रकारची बाल्समे युरोपातील औषधविक्रेत्यांना आधीपासून ठाऊक होती. आज 'टिंक्चर बेन्झोइन' म्हणून मिळणारी तपकिरी, चिकट, उदाच्या वासाची बाटली ही याच कुळातली आहे. सर्दीने छाती भरली की उकळत्या पाण्यात तिचे थेंब टाकून डोक्यावरून टॉवेल घेऊन वाफारा घेण्याचा प्रकार अनेक घरांत चालत आला आहे, आणि तिच्या इंग्रजी पर्यायी नावांत 'टर्लिंग्टन्स बाल्सम' हे नाव अजून सापडते.

म्हणजे हे द्रव्य अगदी निरुपयोगी नव्हते. कापलेल्या जागेवर लावले की मद्यार्क उडून जातो आणि डिंकाचा पातळ थर जखमेवर बसतो. जंगल तोडून शेत करणाऱ्या, कुऱ्हाडीने बोट कापून घेणाऱ्या माणसाला हा थर नक्कीच उपयोगी पडला असेल. बोळाने पोट साफ होते. वाफाऱ्याने घसा मोकळा वाटतो. मद्यार्काने थोडा वेळ दुखणे विसरते. मुतखड्यावर मात्र यातल्या कशाचाही परिणाम होत नाही. पण खडा कधी कधी आपणच पडतो, पोटशूळ बहुधा आपणच थांबतो, आणि तो थांबण्याच्या आधी जे शेवटचे औषध घेतलेले असते त्याला यश मिळते.

येथे वसाहतकऱ्यांच्या बाजूने एक गोष्ट नोंदवली पाहिजे. त्यांना भोळे समजून मोकळे होणे सोपे आहे. पण दुसरा पर्याय काय होता हे पाहिले तर चित्र बदलते. त्या काळचा शिकलेला डॉक्टरही रक्त काढी, वांतीची औषधे देई आणि पाऱ्याचे कॅलोमेल पाजी. इंग्रजी वसाहतींतील पहिली वैद्यकीय शाळा 1765 मध्ये फिलाडेल्फियात सुरू झाली. तोवरचे बहुतेक वैद्य एखाद्या जुन्या वैद्याच्या हाताखाली शिकून तयार झालेले होते, आणि तेही गावोगावी नव्हते. अशा वेळी उदाचा अर्क घरात ठेवणारा शेतकरी डॉक्टरच्या दारात जाणाऱ्यापेक्षा अधिक धोका पत्करत होता, असे मला तरी म्हणवत नाही. अफूमिश्रित औषधांची गोष्ट वेगळी, विशेषतः ती तान्ह्या मुलांच्या तोंडात जात होती म्हणून.

समुद्रापलीकडची विक्री

इंग्लंडची तयार औषधे अमेरिकी वसाहतींत टर्लिंग्टनच्या आधीच पोचली होती. 'बॉस्टन न्यूज-लेटर'मध्ये ऑक्टोबर 1708 मध्ये निकोलस बून या पुस्तकविक्रेत्याने 'डॅफीज इलिक्सर'ची जाहिरात दिली: अर्ध्या पिंटाची बाटली, किंमत साडेचार शिलिंग. औषध पुस्तकाच्या दुकानात कसे, असा प्रश्न आज पडेल. पण जहाजातून जो माल उतरे तो ज्याच्याकडे येई तो विकी. पुस्तकविक्रेता, किराणावाला, टपालखात्याचा माणूस, मुद्रक, कोणाच्याही दुकानात कापड, चहा, शाई आणि पोटदुखीवरचे थेंब शेजारी शेजारी असत. न्यूयॉर्कमध्ये जॉन पीटर झेंगर याने 1731 मध्ये 'बेटमन्स पेक्टोरल ड्रॉप्स'चे गुणगान करणारी पुस्तिका पुन्हा छापली. हा तोच झेंगर, ज्याच्यावर 1735 मध्ये राजद्रोही मजकूर छापल्याचा खटला चालला आणि ज्याची सुटका वृत्तपत्रस्वातंत्र्याच्या इतिहासात गाजली. छापखान्याला मजूर आणि कागदाचा खर्च असतो, आणि औषधवाले पैसे देत.

पण झेंगरची पुस्तिका हा अपवाद होता. वसाहतींतील औषधांच्या जाहिराती बहुधा आश्चर्य वाटावे इतक्या कोरड्या असत. 'नुकत्याच आलेल्या जहाजातून' असे म्हणून अँडरसनच्या गोळ्या, हूपरच्या गोळ्या, बेटमनचे थेंब, टर्लिंग्टनचे बाल्सम, गॉडफ्रीचे कॉर्डियल अशी नुसती नावांची यादी दिली जाई. लंडनच्या वृत्तपत्रांत जो गदारोळ चाले, बरे झालेल्यांची पत्रे, प्रतिस्पर्ध्यांना शिव्या, त्यातले येथे फार थोडे उमटे. त्याची गरज नव्हती. सगळी वकिली बाटलीला गुंडाळलेल्या कागदावर लंडनमध्येच छापून आलेली असे. त्या वेष्टणात रोगांची यादी असे, मात्रा असे, नकली मालापासून सावध राहण्याचा इशारा असे, आणि सनद असल्यास राजचिन्ह असे. दुकानदाराने फक्त नाव सांगायचे.

परिणामी समुद्रापलीकडच्या गिऱ्हाइकाला त्या औषधाबद्दल जे काही कळत होते ते सर्व काच आणि कागद यांच्यातून कळत होते. ज्याला वाचता येत नव्हते त्याला तर केवळ काच. टर्लिंग्टनची बाटली अंधाऱ्या कपाटात हात घालून चाचपली तरी ओळखू येई, आणि माझ्या मते 1754 चा बदल यशस्वी झाला तो येथे. नकली माल थांबवण्यासाठी केलेल्या या युक्तीने एक उलटी गोष्ट घडवली. तिने लोकांना बाटलीचा घाट पाहून खात्री करायला शिकवले. आता ज्याच्या हाती तो घाट, त्याच्या हाती ती खात्री.

रिकाम्या बाटल्यांचा भाव

सनदेची चौदा वर्षे 1758 मध्ये सरली, पण काचेवरचे राजाचे नाव पुसले गेले नाही. वसाहतींतील औषधविक्रेत्यांना कृतीही माहीत होऊ लागली होती, आणि भरलेल्या बाटलीपेक्षा रिकामी बाटली मागवून ती येथे भरणे स्वस्त पडते हेही कळले होते. वसाहतींनी इंग्रजी मालावर घातलेला बहिष्कार 1 डिसेंबर 1774 पासून अमलात आला, पाठोपाठ अमेरिकेच्या स्वातंत्र्याचे युद्ध पेटले आणि जहाजे थांबली. औषधे थांबली नाहीत. जुन्या बाटल्या धुऊन भरल्या गेल्या. शांतता झाल्यावर इंग्रज माल परत आला, तोवर स्थानिक माल त्याच नावाने, कमी दरात जागा धरून बसला होता.

पुढे अमेरिकेतील काचकारखान्यांनीच टर्लिंग्टनच्या बाटल्या ओतायला सुरुवात केली. घाट तोच. मजकूर तोच. ज्या देशाने राजसत्ता झुगारून दिली होती त्या देशात तयार झालेली काच, राजाने रॉबर्ट टर्लिंग्टनला सनद दिली असल्याचे गिऱ्हाइकाला सांगत होती. यात कोणाला विसंगती वाटल्याचे दिसत नाही. राजाचे नाव आता राजाचे राहिले नव्हते, ते बाटलीच्या नक्षीचा भाग झाले होते, जसे दंतमंजनाच्या डब्यावरचे पदक कोणत्या प्रदर्शनात मिळाले हे कोणी विचारत नाही.

या सगळ्या काळात आतले मिश्रण प्रत्येक भरणाऱ्याच्या मर्जीवर होते. 27 द्रव्ये मिळवणे महाग आणि किचकट, म्हणून कोणी दहा वापरी, कोणी सहा. तरीही टर्लिंग्टनला मागणी कायम होती. या प्रकरणातील सर्वांत बोलका पुरावा मला हाच वाटतो. आतले द्रव्य बदलत गेले, घेणाऱ्यांचे समाधान बदलले नाही. ज्या समाधानाला द्रव्याची इतकी कमी गरज होती, ते द्रव्याने दिलेले नसणार.

फिलाडेल्फियाची समिती

फिलाडेल्फियात 1821 मध्ये औषधविक्रेत्यांनी आपले महाविद्यालय स्थापन केले. त्यांच्यासमोरच्या पहिल्या कामांपैकी एक होते ते या जुन्या इंग्रजी औषधांचा गोंधळ निस्तरण्याचे. नेमलेल्या समितीने आठ औषधे निवडली: हूपरच्या गोळ्या, अँडरसनच्या गोळ्या, बेटमनचे थेंब, गॉडफ्रीचे कॉर्डियल, डाल्बीचे कार्मिनेटिव्ह, टर्लिंग्टनचे बाल्सम, स्टीअरचे ओपोडेलडॉक आणि ब्रिटिश ऑइल. तेव्हा त्यांना दिसले की एका नावाखाली अनेक कृती फिरत आहेत आणि त्या एकमेकींशी जुळत नाहीत. बाल्सममध्ये दोन डिंक कमी-जास्त झाल्याने फारसे बिघडत नाही. पण अफूच्या औषधांतही हीच स्थिती होती. एका दुकानातील बाटलीत अफू नावापुरती, तर दुसऱ्या दुकानातील त्याच घाटाच्या, त्याच नावाच्या बाटलीत तिच्या कितीतरी पट. आईने चमचा तोच वापरायचा.

समितीचा अहवाल 1824 मध्ये छोट्या पुस्तिकेच्या रूपाने छापला गेला. तिने प्रत्येक औषधाची एकच प्रमाणित कृती ठरवून दिली. वेष्टणावरच्या अतिशयोक्त दाव्यांवर तिने टीका केली आणि त्यांच्या जागी वापरण्याची साधी माहिती देणारे नवे कागद सुचवले. एवढे केल्यावर बाटलीचे काय, हा प्रश्न उरला, आणि येथे या जाणत्या औषधविक्रेत्यांनी हात टेकले. त्यांनी सरळ लिहून ठेवले की या औषधांचा अस्सलपणा लोकांच्या मनात विशिष्ट घाटाच्या कुपीशी आणि छापील कागदाशी इतका जखडला गेला आहे की त्यात बदल करणे अवघड आहे. ब्रिटिश ऑइल निमुळत्या कुपीत घालून दिले तर पुष्कळ लोक घेणार नाहीत, आणि टर्लिंग्टनचे बाल्सम सरळ नळकांडी कुपीत दिले तर तेही घेणार नाहीत. तेव्हा कृती बदलली, दावे बदलले, पण कुप्या जुन्याच राहू दिल्या.

समितीवर येथे बोट ठेवण्यासारखे आहे. त्यांच्या प्रमाणित कृतीमुळे अफूचे प्रमाण ठरले, हे मोठेच काम झाले. पण मूळ शोधकर्त्याशी काडीचा संबंध न उरलेल्या मिश्रणाला त्याच्या बाटलीत आणि त्याच्या नावाने विकण्यावर धंद्याच्या प्रतिष्ठित संस्थेची मोहोरही उमटली. टर्लिंग्टनने 1754 मध्ये ज्यांना लबाड म्हटले होते त्यांचे आणि यांचे कृत्य बाहेरून पाहता एकच होते. फरक इतकाच की यांनी ते उघडपणे, कारणे देऊन आणि आत काय घालायचे ते छापून केले.

मोब्रिजची कुपी

या बाटलीचा प्रवास गोऱ्या वसाहतींच्या सीमेवर थांबला नाही. कातड्यांचा व्यापार करणारे लोक ती पश्चिमेकडे घेऊन गेले. दक्षिण डाकोटा राज्यात, मिझूरी नदीकाठच्या मोब्रिज येथे मूळ अमेरिकी रहिवाशाच्या थडग्यातून निघालेली टर्लिंग्टनची कुपी वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय संग्रहालयात पोचली. ज्याच्या सोबत ती पुरली गेली त्याने ती औषध म्हणून घेतली, काच सुंदर म्हणून जपली, की व्यापाऱ्याने आत भरून दिलेल्या भलत्याच कशासाठी, हे काचेवरून सांगता येत नाही.

उत्खनन करणाऱ्यांना ही कुपी दुसऱ्या कारणाने त्रास देते. तिच्यावर तारीख असते, आणि तारीख लिहिलेली वस्तू सापडली की जागेचे वय ठरवायचा मोह होतो. पण एकोणिसाव्या शतकात ओतलेल्या कुप्यांवरही 26 जानेवारी 1754 हेच कोरलेले असे. म्हणून कुपी हाती आली की ती तारीख बाजूला ठेवून तळाशी साच्याचा सांधा कसा आहे, तोंडाची कड कशी वळवली आहे आणि काचेत बुडबुडे किती आहेत, हे आधी पाहावे लागते.